माय म्हणजे काय?

बालमित्रांनो, ‘माय म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं, तर तुम्ही पटकन सांगाल, ‘माय म्हणजे आई!’ अगदी बरोबर. पण आफ्रिकेत एक देश असा आहे, की तिथल्या एका बोलीत ‘माय’ म्हणजे चक्क ‘काय’! आणि गंमत म्हणजे त्या बोलीचं नावसुद्धा ‘माय’च.

तो देश सोमालिया. नकाशा उघडा. मुंबईहून समुद्रावरून नैर्ऋत्येकडे बोट सरकवत न्या. आफ्रिकेचं शिंगासारखं पुढे आलेलं टोक दिसेल, तोच हा देश. तिथली भाषा सोमाली. सोमालीत ‘अफ’ म्हणजे तोंड आणि ‘अफ’ म्हणजेच भाषा!

या भाषेची दोन मोठी रूपं आहेत. ‘तू काय म्हणालास?’ हे विचारताना एका रूपात म्हणतात ‘महा तिरि?’ आणि दुसऱ्यात म्हणतात ‘माय तिरि?’ त्यावरूनच एक झाली ‘अफ महा’ आणि दुसरी ‘अफ माय’. ‘महा’मधला ‘ह’ घशातून खोल काढावा लागतो. असे घशातले आवाज माय बोलीत नाहीतच. दोन्ही बोलींत फरक इतका आहे, की सवय नसेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट कळत नाही.

माय बोली दक्षिणेत, जुबा आणि शबेले या नद्यांच्या मधल्या मुलखात बोलतात. बैदोआ हे तिथलं मोठं शहर. इथले पुष्कळ लोक शेतकरी. आणि पिकवतात काय ठाऊक आहे? ज्वारी! आपल्या सोलापूरकडे पिकते तीच.

1972 साली सोमालियाने आपली भाषा रोमन लिपीत लिहायचं ठरवलं. 1974 साली हजारो विद्यार्थी आणि शिक्षक लोकांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी खेडोपाडी गेले. किती छान काम! पण पुस्तकं होती ‘महा’ बोलीतली. माय बोलणाऱ्या मुलाला घरी एक आणि पाटीवर दुसरीच बोली. आपलं बोलणं पुस्तकात का नाही, असं त्याला वाटलं असेल ना?

पुढे 1991 साली देशात यादवी पेटली. 1992 साली बैदोआच्या परिसरात भयंकर दुष्काळ पडला. अनेक कुटुंबं शेजारच्या केनियात गेली. 2003 सालापासून त्यांतली हजारो माणसं अमेरिकेत वसवली गेली. तिथे सोमाली दुभाषा आला, तरी माय बोलणाऱ्या अनेकांना त्याचं सगळं बोलणं समजेना. डॉक्टरला ‘कुठं दुखतंय’ हे सांगायचं कसं?

पण गोष्ट इथेच संपत नाही. 2012 सालच्या सोमालियाच्या राज्यघटनेत लिहिलं आहे, की देशाची अधिकृत भाषा सोमाली, म्हणजे माय आणि महा दोन्ही! घरातल्या बोलीला मान मिळाला.

आता माझी एक चूक सांगते. माझ्या वर्गात वऱ्हाडातून एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘काहून जी, बाई?’ म्हणजे ‘का हो?’ वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस तोंडच उघडेना. मग एक दिवस मी फळ्यावर ‘काहून’ लिहिलं आणि तिलाच म्हटलं, ‘आज तू आमची बाई. शिकव आम्हाला.’ ती आधी लाजली, मग घडाघडा बोलू लागली. मालवणचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, आमच्याकडे कुठे म्हणजे खंय!’ त्या दिवशी फळा भरून गेला.

मुलांनो, प्रमाण भाषा शिकायचीच. ती सगळ्यांना जोडते. पण घरची बोली विसरायची नाही आणि दुसऱ्याच्या बोलीला हसायचं तर मुळीच नाही. आज आजीला विचारा, तिच्या गावी ‘काय’, ‘का’, ‘कुठे’ कसं म्हणतात? आई-बाबांनो, तुम्हीही वहीत दोन शब्दांची भर घाला बरं का!