यादी शाळेची, शिक्षा लेकीला

परवा संध्याकाळी दिवाबत्ती करत होते, तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, जरा घरी येता का? हिचे पप्पा म्हणतात, उद्यापासून शाळा बंद." आवाज रडवेला. गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

पुतणी कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. नववीत आहे, अभ्यासात हुशार. झालं होतं असं, की तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिष्यवृत्तीची यादी आली होती. 'पालकांनी माहिती तपासून घ्यावी' एवढाच निरोप. यादीत प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, आधार नंबर, बँकेचं खातं आणि मोबाइल नंबर! ग्रुपमध्ये दीडशेवर माणसं. त्यातला कोणता फोन घरात कोणाच्या हातात असतो, कोण सांगणार? दोन दिवसांत क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. तिसऱ्या रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज आला, थेट पोरीच्या नावानिशी. जावेनं तो नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरवरून आला.

भाऊजींचा राग मला समजतो. बापाचा जीव आहे. पण त्या रागातून निघालं काय? यादी टाकणारे निवांत, मेसेज करणारा निवांत आणि शाळा सुटणार ती पोरीची!

मैत्रिणींनो, म्हणूनच आज हा विषय. आपण लेकरांचा डबा बघतो, दप्तर बघतो, वह्या बघतो. पण शाळेत आपण त्यांची जी माहिती देतो, तिचं पुढं काय होतं, हे कधी विचारतो का?

आपल्या वेळी शाळेचं जनरल रजिस्टर असायचं. मोठं, जाड, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. नाव, जन्मतारीख, जात त्यातही होतीच. पण ती बघायची तर ऑफिसात जावं लागायचं. २०१५ मध्ये राज्यात 'सरल' प्रणाली आली आणि रजिस्टर संगणकावर गेलं. मग आधार जोडणी, 'यूडायस प्लस' आणि आता बारा अंकी 'अपार' क्रमांक.

यात वाईटच आहे असं नाही हं! आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलंच बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. लेकरं बरोबर. पूर्वी मधेच शाळा सुटली, की दाखल्यावाचून पोर अडकायचं. आता नोंद संगणकावर असली तर दुसऱ्या गावच्या शाळेला ती मिळू शकते. शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. माहिती हवीच. प्रश्न आहे तो ती जपण्याचा.

आणि सगळा दोष शिक्षकांवर ढकलूनही चालणार नाही. शाळेला किती शिक्षक मिळणार, ते 'संच मान्यते'त ठरतं आणि आता त्यासाठी आधार जुळलेले विद्यार्थी मोजले जातात. आधारवर 'मनिषा' आणि रजिस्टरला 'मनीषा' एवढ्यावरून गाडी अडते. वरून तगादा, 'आजच्या आज माहिती भरा'. बाई बिचाऱ्या स्वतःच्याच मोबाइलवर फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि मोकळ्या होतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण घाईत केलेल्या चुकीची झळ पोरींनाच बसते.

वरच्या पातळीवरही असं घडलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या राज्यात आदेश निघाला, की जानेवारीपासून शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल'वर टाकायचा. हेतू चांगला होता, गळती थांबवण्याचा. पण मुलींचे फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये राहणार, हे विचारलं गेलं आणि नेटवर्कची रड तर होतीच. शेवटी तो आदेश बारगळला. पाठ्यपुस्तकावरचा चौकोनी कोड स्कॅन करून आपण जे 'दीक्षा' अ‍ॅप उघडतो, त्याचीही २०२३ च्या जानेवारीत बातमी आली. दहा लाखांहून जास्त शिक्षकांची आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती इंटरनेटवर उघडी राहिली होती. सरकारी काम म्हणजे कुलूप पक्कंच, असं धरून चालता येत नाही.

मग कायदा काय म्हणतो? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलं, की आधार नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही. 'अपार'साठी तर पालकांची लेखी संमती लागते. ते ऐच्छिक आहे, 'नाही' म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम आहे आणि मुलांच्या माहितीबाबत हयगय केली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण कायदा दिल्लीत आणि ग्रुप आपल्या मोबाइलवर! म्हणून आपण काय करायचं, ते सांगते.

कोणताही फॉर्म भरताना एकच शब्द विचारा, 'कशाला?' सहलीच्या फॉर्मवर जात कशाला? चित्रकला स्पर्धेला आधार कशाला? संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा कसला?

आधारची झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख पेनानं लिहा. पहिले आठ अंक झाकलेलं आधारही मिळतं. जिथं चालेल तिथं तेच द्या.

मुलीचा नाही, आपला मोबाइल नंबर द्या. शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर आले, की लगेच स्टेटसला ठेवायची घाई नको. आपल्या पोरीशेजारी दुसऱ्याचीही पोर उभी असते.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यात आयाही असतात. नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. विचारा, की आमच्या मुलांची माहिती कोणाकडे आहे, संगणकाचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, फी थकलेल्यांची यादी ग्रुपवर का टाकता?

आणि त्रास झालाच, तर लपवू नका. मेसेज पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैशांची फसवणूक झाली तर १९३० ला फोन करा, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे आणि पोलीस ठाणं तर आहेच.

त्या रात्री मी भाऊजींना एवढंच म्हणाले, "घराची खिडकी दुसऱ्यानं उघडी टाकली, तर आपण खिडकी लावतो. लेकीला कोंडत नाही." ते काही बोलले नाहीत. पण सकाळी जाऊ, मी आणि वर्गातल्या आणखी दोघींच्या आया, अशा चौघी शाळेत गेलो. भांडायला नाही, सांगायला. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. आमच्यासमोर यादी काढून टाकली, ग्रुपवर सगळ्यांना ती पुसायला सांगितली आणि यापुढं ज्याची माहिती त्यालाच दाखवू, असं कबूल केलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या लक्षातच आलं नाही हो," म्हणाल्या. मेसेजची तक्रार पोलीस ठाण्यात दिली, तिथं मात्र भाऊजी स्वतः आले.

गेलेली माहिती परत येत नाही. ती यादी किती मोबाइलमध्ये राहिली असेल, देव जाणे. पण सोमवारी पुतणी दप्तर घेऊन दारात उभी होती. "मोठी आई, आज गणिताचा पेपर आहे," म्हणाली आणि सायकलवर बसली. वळणापर्यंत मागून भाऊजींची मोटारसायकल होती, पुढं ती एकटीच गेली.