म्हशीचे अनुदान आणि तेलविहिरीची वजावट

ऐंशीच्या दशकात ग्रामीण शाखेत असताना मी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटली. म्हैस घेणाऱ्या अल्पभूधारकाला २५ टक्के अनुदान मिळे. ते त्याच्या नावानिशी खात्यात जमा होई आणि 'सरकारचा पैसा खातो' हे गावभर होई. म्हैस मेली, तर कानातला बिल्ला आणून दाखवावा लागे.

अमेरिकेतल्या तेल कंपन्यांच्या करसवलतींचा वाद वाचताना ती खतावणी आठवते. कंपन्या म्हणतात, सरकार आम्हाला छदामही देत नाही. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर कर भरणे हा तर कोपऱ्यावरच्या वाण्याचाही हक्क. हे खोटे नाही. कोरड्या निघालेल्या विहिरीचा खर्च वजा व्हायलाच हवा. त्याला अनुदान म्हणणाऱ्याने जमाखर्च लिहिलेला नसावा.

पण १९२६ सालची गंमत पाहा. विहिरीतला साठा घटतो, म्हणून वजावट द्यायची. किती? एक सभागृह २५ टक्के म्हणाले, दुसरे ३०. सौदा ठरला २७.५ वर! (आमच्या गुरांच्या बाजारात निराळे काय होते?) शिवाय ही वजावट गुंतवलेल्या पैशावर नव्हे, विक्रीच्या उत्पन्नावर. म्हणजे विहिरीचा पैसा पुरता वसूल झाला, तरी वजावट चालूच. घसारा वस्तूच्या किमतीपलीकडे जात नाही, हे नव्या कारकुनालाही ठाऊक असते. पलीकडे गेला, की ते अनुदानच. १९७५ मध्ये मोठ्या कंपन्यांची ही सवलत गेली. स्वतंत्र उत्पादकांना ठरावीक उत्पादनापुरती १५ टक्के आजही आहे.

दुसरी सवलत अधिक चतुर. खोदकामाची मजुरी, इंधन वगैरे खर्च विहिरीच्या आयुष्यावर न विभागता बहुतांश पहिल्याच वर्षी वजा करता येतो. कर माफ होत नाही, नुसता पुढे जातो. मग बिघडले कुठे? बँकेत आम्ही याला बिनव्याजी कर्ज म्हणत असू, आणि ते व्याज कुणाच्या तरी माथी पडतेच.

अमेरिकी अर्थखात्यातले स्टॅन्ली सरी १९६७ मध्ये हेच बोलले : करातून दिलेली सूट हाही सरकारचा खर्चच, तो मोजा. १९७४ च्या कायद्याने अशा सवलतींची यादी अर्थसंकल्पासोबत देणे भाग पडले. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानेही, एरवी देय असलेला महसूल सोडून देणे अनुदानाच्या व्याख्येत घातले. आता भांडण उरते ते 'एरवी देय' किती, याचे. ते हिशेबनीसांनी खुशाल भांडावे. पण यादीवर नावे असावीत, आमच्या म्हशीवाल्यांची होती तशी.