तुरटीचा खडा आणि तेरखेड्याचा फटाका

दिवाळी अंकात काखेवर लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत, विषय नाकाचाच आहे. शिवाय ज्या सणाची पहाट तेल, उटणे आणि कढत पाण्याने उजाडते, त्या सणाच्या अंकात अंगाच्या वासाचा विचार करायचा नाही, तर कधी करायचा?

आपल्या भाषेला काखेचे वावडे कधीच नव्हते. काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालणारी बाई आपल्या ओळखीची आहे, आणि देणेकरी दारात आले की काखा वर करणारे गृहस्थही. काखेत उठणाऱ्या गळवाला तर कोण्या रसिकाने 'काखमांजरी' असे लाडिक नाव देऊन ठेवले आहे. घामाची तर आपल्याला मोठीच प्रौढी. आपण घाम गाळतो, घामाचा पैसा मिळवतो. त्या घामाचा वास मात्र कोणी बोलून दाखवत नाही, आणि ज्याला येतो त्याच्यापासून फक्त दोन हात लांब बसतो.

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात तेरखेडा हे गाव लागते. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ते सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. दारूकामाला ऊन आणि कोरडी हवा लागते. म्हणजे आपण फराळाच्या ताटाजवळ बसून उडवतो त्या फटाक्यामागे कोणाचा तरी उन्हातला घाम असतो. काम जोखमीचे. या धंद्यात स्फोट होऊन माणसे गेलेली आहेत. म्हणून दारूकामात अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉन-टेरिलीन नको, असा नियम. कृत्रिम धागा अंगाशी घासला की त्यावर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते. गंमत अशी, की त्वचेचे डॉक्टरही घामाच्या तक्रारीवर हेच सांगतात : सुती घाला, सैल घाला.

तेरखेड्याचा आणि आपल्या मोरीचा संबंध एवढ्यावर संपत नाही. झगझगीत पांढरा उजेड देणाऱ्या दारूत सोरा, गंधक आणि ॲल्युमिनियमची पूड असते. सोऱ्यात पोटॅशियम. आता मोरीच्या कोनाड्यात, दाढीच्या सामानाशेजारी पडलेला तुरटीचा खडा पाहा. त्यातही पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि गंधक हेच तिघे! फरक इतकाच, की तुरटीत ते भरपूर पाण्यासह स्फटिकात बांधलेले असतात. तव्यावर टाकली तर ती भडकत नाही, फसफसून तिची लाही होते. आणि ज्या वासावर आपण ती तुरटी चोळतो, त्या वासातही गंधक आहेच. काखेतल्या वासाला जी द्रव्ये कारण आहेत, त्यांतले एक गंधकयुक्त असून त्याचा वास कांद्याच्या जवळ जातो.

मुळात घामाला वास नसतो. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक खारट पाणी सोडून अंग थंड करतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या जातीच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. वयात येईपर्यंत त्या झोपलेल्या असतात. त्यांचा स्राव दाट. कातडीवरचे जंतू त्यावर ताव मारतात, आणि वास येतो तो त्या जेवणावळीचा. तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या अंगाला एकाएकी वास येऊ लागला, तर तो घाणेरडेपणा नव्हे, वाढ आहे. आईने किंवा वडिलांनी एकदा एकट्याला जवळ बसवून सांगावे. पाहुण्यांसमोर नको.

वास आणि स्वभाव यांचा संबंध नाही, हे पटवायला एक गोष्ट पुरेशी आहे. चीन, कोरिया, जपान या देशांतल्या बहुसंख्य लोकांच्या काखेला जवळजवळ वासच येत नाही. त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच जनुक आहे. कानाच्या मळाचे हे कोडे जपानी संशोधकांनी 2006 साली उलगडले. जपानी माणूस आपल्यापेक्षा स्वच्छ म्हणून नव्हे, तर जन्मतःच तसा.

वासाची काळजी जुनीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या धाराशिवपासून फार दूर नाही. त्या ग्रंथात राजाच्या स्नानाचे, सुगंधी तेलांचे, लेपांचे आणि धूपांचे सविस्तर वर्णन आहे. पण ती हौस होती. हौसेची भीती केली ती अमेरिकेतल्या जाहिरातदारांनी. 1919 साली 'ओडोरोनो' नावाच्या औषधाची जाहिरात तिथल्या एका महिला मासिकात आली. बाई गं, तुझ्या काखेला वास येतो, तुला कळत नाही आणि कोणी सांगणारही नाही, असा तिचा सूर. काही वाचकांनी रागावून मासिक बंद केले. खप मात्र वाढला तो औषधाचा! आजच्या फवाऱ्यांच्या जाहिराती त्याच माहेरच्या आहेत.

करायचे ते साधे आहे. सकाळ-संध्याकाळ काखा साबणाने धुवाव्यात आणि, हे महत्त्वाचे, पूर्ण कोरड्या कराव्यात. पाणी कमी, ही सबब नको. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पण काखा आणि पाय धुवायला दोन तांबे पुरतात. कपडे काखेत उलटे करून घासावेत, उन्हात वाळवावेत. तुरटी ओली करून हलक्या हाताने फिरवावी. केस काढल्यावर लगेच किंवा कातडी फुटलेली असताना नव्हे. दुकानात मिळणाऱ्या वस्तूंचे प्रकार दोन : एक जंतूंना आवरतो आणि वास झाकतो, दुसरा ॲल्युमिनियमच्या क्षारांनी घामाची तोंडे तात्पुरती बुजवतो. हा दुसरा रात्री, कोरड्या कातडीवर लावला तर अधिक लागू पडतो. त्याने कर्करोग होतो अशी बोलवा आहे. तसे सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. नागरमोथा, वाळा, आंबेहळद घातलेले उटणे खुशाल लावा, पण काखेत खसाखसा घासू नका. लिंबू आणि सोडा यांना तर तिथून हद्दपारच करा, कातडी भाजते.

लिंबाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मते या लेखातली सर्वांत गरजेची गोष्ट सांगतो. पुष्कळ घरांत मुलीच्या काखा आणि मान काळी पडली, की आई ती लिंबाने, दगडाने घासत बसते. लग्नाचे वय जवळ आले असेल तर जास्तच जोराने. ती कातडी काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागत असेल, तर तो मळ नव्हे. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, याची ती अनेकदा पहिली खूण असते आणि पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. तिथे लिंबू काय करणार? रक्तातली साखर तपासावी, वजन पाहावे. आणखी घातक म्हणजे औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली 'गोरे करणारी' किंवा नायट्यावरची मलमे. त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असते. काखेची कातडी मुळात पातळ. ती आणखी पातळ होते, तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात, आणि नायटा दबून पसरतो. अशी अनेक मलमे 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. काउंटरवर ही बंदी किती पाळली जाते, ते वाचकांनी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाहावे.

काखमांजरी एकदा झाली तर शेकावी. पुन्हा पुन्हा, दोन्ही काखांत, पू आणि व्रण सोडून जाणारी झाली, तर तो निराळा आजार आहे. तो अस्वच्छतेने होत नाही. तंबाखू ओढण्याने आणि वजनाने मात्र बळावतो. त्याला पिळू नये, त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. आणि रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आठवडेच्या आठवडे येत असेल, सोबत बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर अत्तराचा विचार सोडून क्षयाची तपासणी करावी.

माझ्या वर्गातली निम्मी मुले एसटीच्या दांड्याला धरून येतात. दिवाळे न निघता काखा वर कराव्या लागणारी हीच जमात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गाला काय वास येतो, ते मी जाणतो. खिडक्या उघडतो, पंखे लावतो आणि शिकवायला लागतो. ज्याला सांगणे भाग असेल त्याला तास संपल्यावर, दार लोटून सांगतो. आजवर कोणी रागावलेले नाही.

राहता राहिला फवारा. बहुतेक फवाऱ्यांच्या डब्यात वास ढकलायला जो वायू भरतात, तो ब्यूटेन-प्रोपेनच्या जातीचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचा सख्खा भाऊ. नरकचतुर्दशीच्या पहाटे कोनाड्यात पणती, हातात फुलबाजी, आणि चिरंजीव नवा सदरा घालून काखेत फवारा मारीत आहेत, हे दृश्य घरोघरी असते. फवारा पणत्या लावण्यापूर्वी, खिडकी उघडून मारावा. डबा देवघरात, शेगडीजवळ किंवा उन्हात तापणाऱ्या मोटारीत ठेवू नये.