चालता संगणक भंगारात का काढायचा?

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्यातच दिवाळीच्या खरेदीचे दिवस असल्याने दुकानदार ‘आता नवीनच घ्या’ म्हणून सांगू लागले. माझं म्हणणं एवढंच की, पाकिटाला हात घालण्याआधी जुन्या संगणकाची नीट तपासणी करा.

विंडोज ११ फुकट मिळतं, पण हवं तिथे चढत नाही. त्याला टीपीएम २.० लागतं, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा यंत्रणा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ अनेकदा ती नसल्याचं सांगतं, पण प्रत्यक्षात ती नुसती बंद असते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये ती अंगभूतच आहे. बायोसमध्ये इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ नावाने ती सापडते. ती सुरू केली की काही संगणक लगेच पात्र ठरतात.

खरी अडचण आहे प्रोसेसरच्या पिढीची. इंटेलची आठवी पिढी चालते, सातवी नाही. आय५-८२५०यू आत, आय५-७२००यू बाहेर! आठव्या पिढीच्या त्या चिपमध्ये कोअर दुप्पट आहेत, पण त्यांची मूळ रचना सातव्या पिढीचीच आहे. सुरक्षेसाठी लागणारी ‘एमबीईसी’ ही सोयही सातव्या पिढीत आहे. गंमत पुढेच आहे. ऑगस्ट २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतली आय७-७८२०एचक्यू ही चिप काही मोजक्या यंत्रांपुरती यादीत घेतली. कंपनीच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २मध्ये हीच चिप होती. जुन्या प्रोसेसरवर बिघाड जास्त होतात, हे कंपनीचं कारण मला मान्य आहे. पण रेघ नेमकी इथेच का ओढली, याचं समाधानकारक उत्तर मला त्यात सापडत नाही. आणि या रेघेमुळे कितीतरी धडधाकट यंत्रं कचऱ्यात जाणार आहेत, याचा मला राग येतो.

तूर्त १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदत पदरात पाडून घ्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवलात तर ती फुकट होते, नाहीतर ३० डॉलर पडतात. युरोपातल्या ग्राहकांना बॅकअपची ही अट नाही. तिथल्या ग्राहक संघटनेने दबाव आणला म्हणून हे झालं. आपल्याकडे असा आवाज कुणी का उठवत नाही?

त्यानंतरचा रस्ता लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर छान चालतं. लिब्रेऑफिस त्यात असतंच, आणि युनिकोड मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. मात्र घरी टॅलीवर हिशेब होत असतील, किंवा डीटीपीचं काम श्रीलिपीत चालत असेल, तर विंडोज सोडू नका. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत.

मिंट पाहायला आधी काही पुसावं लागत नाही. मिंट भरलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, वायफाय लागतं का, प्रिंटर छापतो का, जुन्या वर्ड फाइली नीट उघडतात का ते बघा. पटलं नाही तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा, तुमचं विंडोज होतं तसंच असेल. पटलं, तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्यावरच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा.