पावसची सेवा आणि तिचे वेळापत्रक

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात दुपारी येईल त्याला खिचडीचा प्रसाद मिळतो. मुंबईहून गाडी करून आलेले कुटुंब, शेजारच्या गावातून एसटीने आलेली म्हातारी, बागेत कामाला आलेला गडी, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर, गौतमी नदीच्या काठी वसलेल्या या गावातल्या सेवेशी बाहेरच्या माणसाची पहिली ओळख बहुधा या खिचडीतूनच होते. पदार्थ साधा, डाळ-तांदळाचा. पण तो रोज ठरल्या वेळी तयार व्हायचा, तर किती माणसे येतील याचा अंदाज सकाळीच बांधावा लागतो, धान्य निवडून धुवावे लागते, भांडी घासणारे हात लागतात आणि शेवटच्या माणसापर्यंत पुरेल अशा हाताने वाढावे लागते. उत्सवाच्या दिवसांत हे काम कितीतरी पटींनी वाढते. मार्गशीर्ष वद्य द्वादशीला स्वामींची जयंती आणि श्रावण वद्य द्वादशीला पुण्यतिथी असते, तेव्हा आसपासच्या गावांतली आणि बाहेरगावची माणसे सेवेसाठी येतात. मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या स्वामी स्वरूपानंद सेवा मंडळाच्या नावातच ‘सेवा’ आहे, आणि तिचे सगळ्यांत साधे, सगळ्यांत कठीण रूप म्हणजे हे रोजचे अन्न.

स्वामींचे मूळ नाव रामचंद्र विष्णु गोडबोले. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०३ रोजी पावसलाच झाला. अध्यात्मातले अधिकारी पुरुष म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ आणि ‘संजीवनी गाथा’ घराघरांत आहेत. त्यांच्या तरुणपणीच्या सामाजिक कामाची माहिती मात्र त्या मानाने कमी लोकांना असते. गांधीजींच्या चळवळीने भारलेल्या या तरुणाने ऐन विशीत पावसला ‘स्वावलंबनाश्रम’ काढला आणि गावातल्या मुलांच्या शिक्षणाचे काम अंगावर घेतले. पुढे सविनय कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवासही सोसला. त्यानंतर प्रकृती ढासळली, आणि पावसच्या देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरात ते राहिले. १५ ऑगस्ट १९७४ रोजी समाधिस्थ होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, त्यांचा मुक्काम तिथेच होता. एका घराने नात्यागोत्याचा प्रश्न न आणता एका माणसाची चार दशके देखभाल केली, ही गोष्ट पावसच्या सेवेच्या इतिहासात खिचडीइतकीच महत्त्वाची आहे.

अर्थात कोकणात एकमेकांच्या कामाला जाणे हे कुठल्या संस्थेने शिकवलेले नाही. वाडीतले घर शाकारायचे असो, लावणीला हात कमी पडत असोत की कोणाच्या घरी मयत झालेले असो, शेजारीपाजारी धावून जातात. गणपतीच्या आधी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दोन्ही बाजूंना वाढलेले रान बेणून काढायचे, हलू लागलेला जांभा दगड पुन्हा बसवायचा, विहिरीचा गाळ उपसायचा, ही कामे गावकीत ठरतात आणि घरटी एक माणूस कोयती-घमेले घेऊन हजर होतो. जो येऊ शकत नाही तो चहा-भजीचा खर्च उचलतो. या जुन्या रीतीत एक उणीव होती, ती झाकण्यात अर्थ नाही: मदत बहुतेक वेळा वाडीच्या, भावकीच्या आणि जातीच्या कुंपणाआत फिरायची. ज्याला भावकी नाही, वाडी नाही, त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर गावकीकडे नव्हते. नोंदणीकृत संस्थांची खरी गरज तिथे सुरू होते.

दुसरा मोठा आधार मुंबईचा. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत एकत्र राहणाऱ्या चाकरमान्यांनी आपापल्या गावाची मंडळे काढली. आजही रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ ही तीन नावे देवळाच्या किंवा शाळेच्या कोनशिलेवर एकाखाली एक दिसतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८८०च्या दशकात आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता. गाव सोडून कमावत्या झालेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला काही भाग गावासाठी नेमाने द्यावा, ही त्यामागची कल्पना. कोकणातल्या मुंबई मंडळांचा व्यवहार आजही याच रीतीने चालतो. वर्गणीची वही, मासिक सभा, मे महिन्यात गावी आल्यावर हिशेबाचे वाचन. वर्गणी छोटी असते, पण ती चुकत नाही, आणि शाळेचे पत्रे किंवा वाडीची नळयोजना त्यातूनच उभी राहते.

चाकरमानी पैसे पाठवू शकतो. घरात रात्री पाणी आणून द्यायला तो नसतो. ही अडचण आकड्यांतही दिसते. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या पुढे होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११००हून अधिक स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष शहरात. मागे राहते ती मोठ्या घरात एकटी वृद्ध स्त्री, आणि पावसमध्ये महिलांसाठी वृद्धाश्रम असणे हा योगायोग नाही. अनसूया आनंदी महिला वृद्धाश्रमात राहणाऱ्या स्त्रियांसारख्या आयुष्यांना काय लागते, हे ओळखणे स्वयंसेवकाचे पहिले शिक्षण असते. तांदळाचे पोते आणि फळांची करंडी कोणीही नेऊन देतो. पण नखे कापून देणे, केसांना तेल लावून वेणी घालणे, चष्म्याची सुटलेली काडी बसवून आणणे, औषधाच्या पट्टीवर सकाळ-रात्र अशी खूण करून देणे, सिव्हिल हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत उभे राहणे, ही कामे देणगीतून होत नाहीत. आणि ऐकणे. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकतानाही ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी लागते. वाढदिवसाला केक घेऊन एकदा येणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीपेक्षा दर मंगळवारी चारला येणारी एक बाई अशा घरात जास्त हवी असते, कारण तिची वाट पाहता येते.

जिल्ह्यातल्या जुन्या संस्था याच सातत्यावर उभ्या राहिल्या. देवरुखला इंदिराबाई हळबे, म्हणजे सर्वांच्या मावशी हळबे, यांनी १९५४ मध्ये ‘मातृमंदिर’ सुरू केले. छोट्या प्रसूतिगृहापासून निघालेले हे काम पुढे रुग्णालय, निराधार मुलांचे ‘गोकुळ’ आणि शेतीपर्यंत पोचले. रत्नागिरीत ‘आविष्कार’ संस्था मतिमंद मुलांसाठी सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि मोठ्या मुलांसाठी श्यामराव भिडे कार्यशाळा चालवते. अशा कार्यशाळेला मदत करायची तर तिथल्या मुलांनी केलेल्या वस्तू विकत घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यात दया नसते, मेहनतीचा मोबदला असतो. मुंबई-गोवा महामार्गावर नाणीजच्या नरेंद्राचार्य संस्थानाच्या रुग्णवाहिका अपघातग्रस्तांना विनामूल्य रुग्णालयात पोचवतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या सामान्य माणसालाही संरक्षण दिले आहे: त्याला आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने गाडी न थांबवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पावस परिसरात अंगमेहनतीची सेवा कशी चालते, ते पाहायचे तर पावसाळा सरल्यावर एखाद्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जावे. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन फिरावे लागते. कातळाखालचा जांभा सच्छिद्र. पाणी झिरपते आणि उतारावरून लवकर बाहेरही पडते. नद्या आखूड, समुद्र जवळ. म्हणून पाऊस थांबला पण पऱ्या अजून वाहतो आहे, अशा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दिवसांत वनराई बंधारे घातले जातात. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव रूढ झाले, आणि आता शाळा, ग्रामपंचायती, महिला बचतगट सगळे ते सहज वापरतात.

बंधाऱ्याचे सामान म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सुतळी, दाभण, फावडी आणि घमेली. जागा अशी निवडतात, की दोन्ही काठ उंच आणि पात्र अरुंद असावे. गोणी गळ्यापर्यंत भरायची नसते. पाऊण भरून तोंड शिवले की ती पसरून नीट बसते, गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि दोन गोण्यांमधून पाणी निसटते. पहिला थर रुंद, वरचे थर क्रमाने अरुंद, आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे एकमेकांवर येऊ न देता रचलेले. फटींत चिकणमाती आणि पेंढा कोंबतात. एक जण पाण्यात उभा राहून गोणी बसवतो, बाकीचे साखळी करून हातोहात गोण्या पुढे देतात. साखळीत गावातली पोरे, शिक्षक, कॉलेजची मुले आणि साठीच्या पुढची माणसेही असतात, आणि गोणी कशी बसवायची याचा शेवटचा शब्द बहुधा त्या साठीवाल्यांचा असतो. पंधरा-वीस माणसांचे एका सकाळचे काम. दुपारपर्यंत मागे पाणी तुंबू लागते, आणि काही दिवसांत जवळच्या विहिरीची पातळी खाली जायची थांबते. त्या पाण्यावर गुरे जगतात, कपडे धुतले जातात, परड्यात चवळी आणि पालेभाजी होते. पुढच्या जूनच्या लोंढ्यात बंधारा वाहून जातो, त्यामुळे दरवर्षी तो नव्याने घालावा लागतो. फाटक्या प्लास्टिकच्या गोण्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून मे महिन्याच्या अखेरीस त्या काढून घेणे हेही त्याच कामाचा भाग आहे. तो अनेक ठिकाणी राहून जातो, आणि तो राहता कामा नये.

पावसच्या दक्षिणेला पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडीचा किनारा लागतो. तिथली सेवा पहाटेची. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या वाळूत अंडी घालून जातात, आणि गावातले कासवमित्र उजाडण्याआधी किनाऱ्यावर फिरून माग शोधतात. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटे सापडले, तर शंभरेक अंडी कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात हलवली जातात, आणि सुमारे ५० दिवसांनी पिल्ले समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला रुजवलेली ही पद्धत वन विभागाच्या साहाय्याने किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पोचली आहे. पर्यटक पिल्ले सोडताना येतात. त्याआधीच्या अंधाऱ्या फेऱ्या गावकऱ्यांच्या.

संकटकाळची मदत वेगळी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे गाळ उपसायला गेली. अशा वेळी पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग येतात आणि फावडी, ब्लीचिंग पावडर, गमबूट, पिण्याचे पाणी कमी पडते. आधी फोन करून काय हवे ते विचारणे आणि मग गाडी भरणे, एवढ्याने निम्मा घोटाळा टळतो.

नव्याने काम करू इच्छिणाऱ्याने संस्थेची कागदपत्रे विचारायला संकोचू नये. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. बऱ्याच संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो आणि हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. प्राप्तिकराच्या ८०-जी कलमाची सवलत हवी असेल, तर २००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने देऊन चालत नाही. मुलांच्या संस्थेत गेल्यावर फोटो काढून ते मोबाइलवर पसरवणे टाळावे. बालन्याय कायदा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो, आणि कायदा नसता तरी ते चुकीचेच ठरले असते.

महाविद्यालयीन मुलांसाठी राष्ट्रीय सेवा योजना ही सोपी वाट आहे. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात एखाद्या गावात राहायचे असते. बंधारे, पाखाड्या, किनारास्वच्छता ही कामे अशा शिबिरांतूनच होतात. ज्याला आठवड्याला वेळ काढणे जमत नाही, त्याच्यासाठी रक्तदान आहे: १८ ते ६५ वयाच्या निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. मे महिन्यात कॉलेजे बंद असल्याने शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढीतला साठा उतरतो. त्याच सुमारास चाकरमानी गावी आलेले असतात. म्हणून मे महिन्याच्या पूजेला किंवा क्रिकेट सामन्यांना जोडून वाडीत रक्तदान शिबिर ठेवायचे असेल, तर रक्तपेढीकडे एप्रिलच्या सुरुवातीलाच तारीख मागून ठेवावी लागते.