बी सात म्हणजे काय?

अर्ज मोठा देखणा होता. वर संस्थेचं बोधचिन्ह, आठ सेल एकत्र करून ठळक शीर्षक, सक्तीच्या जागा लाल, बाकीच्या फिकट पिवळ्या. म्हैसूरच्या एका संस्थेचा शिष्यवृत्तीचा एक्सेल फॉर्म, अंध विद्यार्थ्यांनाही भरता यावा म्हणून आमच्याकडे तपासायला आलेला. आमच्या गटात हे काम एक निवृत्त अंध शिक्षक बघतात. त्यांना सगळे मेष्ट्रू म्हणतात.

मेष्ट्रूंनी फाइल उघडली. एनव्हीडीए हा त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणानं 2006 साली सुरू केलेला आणि आजही फुकट मिळणारा. एनव्हीडीए बोलू लागला. टॅब दाबला, "बी सात". पुन्हा टॅब, "एफ सात". पुन्हा, "बी आठ". मेष्ट्रूंनी हेडफोनची पिन उपसली, आवाज खोलीभर केला आणि विचारलं, "बी सातमध्ये काय लिहू? माझं नाव, वडिलांचं नाव, की जात?"

घोटाळा असा होता. कुणी चुकून काही पुसू नये म्हणून शीट प्रोटेक्ट केलेलं होतं. त्यात काही गैर नाही. उलट अशा शीटमध्ये टॅब दाबला की कर्सर थेट भरायच्या सेलवर जातो, ही सोयच आहे. पण प्रोटेक्ट करताना लॉक केलेले सेल निवडता येण्याची खूणही काढून टाकली होती. प्रश्न सगळे लॉक केलेल्या सेलमध्ये. म्हणजे बाणाच्या कळा दाबूनसुद्धा प्रश्नापर्यंत पोचायची वाट नाही. डोळस माणूस शेजारी नजर टाकतो आणि त्याचं भागतं, म्हणून कचेरीत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

इथं मला हमखास टी. व्ही. रामन आठवतात. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले, पुढे आयआयटी मुंबईत शिकून 1994 साली कॉर्नेलमधून पीएचडी झालेले. त्यांनी 1995 मध्ये ईमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर आणलं. त्यामागचा विचार समजावताना ते कॅलेंडरचं उदाहरण देत. पडद्यावरच्या चौकटीतला नुसता आकडा वाचला, तर ऐकणाऱ्याला वार कळत नाही, महिना कळत नाही. म्हणून त्यांचं कॅलेंडर आकडा न वाचता वार, तारीख, महिना अशी पूर्ण तारीख बोलतं. आमचा "बी सात" हा त्या नुसत्या आकड्याचाच भाऊ. अर्थ शेजारच्या सेलमध्ये आणि आवाज भलत्याच सेलमध्ये.

उपाय एक्सेलमध्येच होता. शीटचं प्रोटेक्शन काढलं, प्रश्नांच्या रकान्यातल्या पहिल्या सेलवर जाऊन एनव्हीडीए, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या. त्या क्षणी तो रकाना ओळींची शीर्षकं म्हणून नोंदला गेला. आता उत्तराच्या सेलवर येताच आधी "वडिलांचं नाव" ऐकू येतं, मग "बी आठ". उभ्या रकान्यांच्या शीर्षकांसाठी आरच्या जागी सी. ही नोंद फाइलमध्येच राहते, त्यामुळे जॉजसारखा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती मिळते. फॉर्म बनवणाऱ्यानं एकदा केलं की भरणाऱ्या प्रत्येकाचं काम झालं.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मांडणीनं. डावीकडे वैयक्तिक माहिती, उजवीकडे बँकेची, अशी दोन दालनं होती. टॅब चालतो आडवा. म्हणून आधी नाव, लगेच खातेक्रमांक, मग वडिलांचं नाव, मग आयएफएससी कोड! आम्ही दोन्ही दालनं एकाखाली एक घेतली. लाल रंग कानाला दिसत नाही, तेव्हा प्रश्नातच "आवश्यक" असं लिहिलं. जन्मतारखेच्या सेलला डेटा व्हॅलिडेशनमधून सूचना जोडली, म्हणजे सेलवर येताच तारीख कोणत्या क्रमानं लिहायची ते बोललं जातं. जिल्ह्यांची यादी ऑल्ट आणि खालच्या बाणानं उघडते, हेही सूचनेत घातलं.

एवढं होऊनही एका पानावर स्क्रीन रीडर अगम्य बडबडत राहिला. कन्नड प्रश्न नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. पडद्यावर सुंदर कन्नड, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. मराठी कचेऱ्यांतल्या श्रीलिपीच्या जुन्या फायलींचं हेच दुखणं आहे. ते सगळं पान युनिकोडमध्ये नव्यानं उतरवलं.

संस्थेतल्या एका साहेबांना हा खटाटोप पटेना. "सोबत कुणाला तरी बसवा, तो भरून देईल." मेष्ट्रू शांतपणे म्हणाले, "साहेब, यात आधार आहे, बँक खातं आहे, घरचं उत्पन्न आहे. तुम्ही तुमचं शेजाऱ्याकडून भरून घ्याल?" साहेब गप्प झाले. म्हैसुरात अंध आणि बधिर मुलांची शाळा 1901 पासून आहे. या गावानं निदान ही सबब सांगू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशी सोय हा उपकार ठेवलेलाच नाही. ऑनलाइन केवायसीच्या खटल्यात 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं थेट जगण्याच्या हक्काशी जोडलं.

सुधारलेला फॉर्म मेष्ट्रूंनी पहिल्या सेलपासून शेवटपर्यंत एकट्यानं भरला. सेव्ह करून त्यांनी लगेच हरकत काढली: शीटांची नावं अजून "शीट एक", "शीट दोन" अशीच आहेत, कंट्रोल आणि पेज डाऊननं पुढच्या शीटवर गेलं तरी आपण कुठे आलो ते कळत नाही. ती नावं त्याच दुपारी बदलली. साहेबांनी स्वतःच्या संगणकावर एनव्हीडीए टाकून घेतला आणि आता त्यांच्या कचेरीतले हजेरीचे तक्ते आमच्याकडे यायला लागले आहेत. त्यात एकत्र केलेले सेल भरपूर आहेत.