आग आणि सोसायटी: जबाबदारी कोणाची?

कायदा: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांना लागू.

जबाबदार: विकासक, मालक किंवा भोगवटादार. भाडेकरूही भोगवटादारच.

‘फॉर्म बी’: अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. कायदा लागू असलेल्या इमारतींसाठी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. तो परवानाधारक एजन्सीच देते. यंत्रणा नव्याने बसवल्याचा दाखला वेगळा: ‘फॉर्म ए’.

जिना: सुटकेची वाट. चपलांचे रॅक, जुन्या सायकली, गणपतीच्या मखराचे थर्माकोल (हे हमखास सापडतेच!) तिथे नको.

आग लागल्यास: लिफ्ट टाळा. विजेच्या आगीवर पाणी नको. जमल्यास मेन स्विच बंद करा. गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. दिव्याच्या बटणाला हात नको.

फोन: 101 किंवा 112.